केशवाचा झाला माधव

त्या आवारात दोन शेड होत्या आणि दोन शेडच्या मध्ये वहिनी होती. एका शेडमध्ये तिचा नवरा पितळेच्या देवांची अंगं ओतायचा. समोरच्या शेडमध्ये तिचा दीर त्याच देवांची आयुधं घडवायचा. दोघे सख्खे भाऊ, आणि एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे जे काही बोलणं व्हायचं ते वहिनीच्या पायांनी व्हायचं. ती इतकी वर्षं या दारातून त्या दारात गेली होती, की फरशीवर खोलगट वाट पडली होती आणि तिच्यात साचलेल्या पाण्यात चिमण्या अंघोळ करायच्या.

भांडण सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हाचं. अंगं थोरल्यानं करावीत, आयुधं धाकट्यानं, असं त्यांनी ठरवून दिलं आणि मोकळे झाले. त्याच दिवशी जेवताना थोरला म्हणाला, "अंग झालं की देव झाला. पुढचं सगळं नटवणं." धाकट्यानं हातातला घास खाली ठेवला. "तुझं अंग म्हणजे मुकुट घातलेला चार हातांचा माणूस. तो कोण, ते माझी आयुधं सांगतात."

पंचाईत अशी, की धाकट्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. विष्णूचे हात चार आणि हातातल्या वस्तूही चारच: शंख, चक्र, गदा, कमळ. पण कुठली वस्तू कुठल्या हातात, यावर देवाचं नाव ठरतं. अदलाबदल केली की केशवाचा नारायण होतो, नारायणाचा गोविंद होतो. अशी चोवीस नावं आहेत आणि चोविसांचा चेहरा एकच. खरं बोललेलं माणसाला जास्त लागतं, तसं ते थोरल्याला लागलं. तो उठला, हात धुतले आणि भावाशी बोलणं बंद केलं. धाकट्यानं त्याच्याआधी बंद केलं होतं, असं धाकट्याचं म्हणणं.

तेव्हापासून एका टेबलाशी बसून जेवतानाही "त्याला म्हणावं, मीठ सरकव" असं चालायचं. मीठ दोघांच्या मधोमध असायचं. वहिनी ओट्यापाशी. तिनं तिथून यायचं, मीठ उचलायचं, सात बोटं पलीकडे ठेवायचं आणि "घ्या" म्हणायचं.

"ते म्हणतात, भट्टीचा पंखा बंद कर, धूर इकडे येतोय," ती धाकट्याला सांगायची.

"त्यांना म्हणावं, धूर वाऱ्यानं जातो, माझ्या सांगण्यानं नाही."

"भाऊजी म्हणतात, वाऱ्याला सांगा."

"त्याला म्हणावं, वारासुद्धा तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

"भाऊजी, ते म्हणतात..." इथपर्यंत आलं की तिचा घसा बसायचा. लग्नाआधी ती गायची. चांगली गायची. आता तिच्या आवाजात दोन पुरुषांचं बोलणं इतकं भरलं होतं, की स्वतःचं काही म्हणायला जागाच उरली नव्हती. एकदा समोरच्या बेकरीवाल्यानं सहज म्हटलं, "आज ऊन फार आहे." वहिनी म्हणाली, "बरं, सांगते त्यांना."

काम मात्र चोख व्हायचं आणि ते पाटीवर व्हायचं. ऑर्डर आली की थोरला पाटीवर खडूनं देव काढायचा. चार रेघांचे चार हात, प्रत्येकापुढे त्यात काय धरायचं ते. ती पाटी आणि पितळेचे चार सुटे हात वहिनी धाकट्याकडे पोचवायची. तो मुठींत आयुधं बसवून डाख द्यायचा, म्हणजे कथलानं सांधायचा. मग हात मनगटापासून ओल्या फडक्यांत घट्ट गुंडाळून परत धाडायचा. थोरला ते हात खांद्याला जोडायचा तेव्हा फडकी तशीच ठेवायची असत, नाहीतर खांद्याच्या आचेनं मुठीतला डाख सुटायचा. फडकी सोडून मूर्ती घासायची, ते वहिनीचं काम.

आता या पाटीत एक गोम होती. थोरला चित्र काढताना स्वतःच देव होऊन उभा राहायचा. त्याचा उजवा हात पाटीच्या उजवीकडे. पण देवासमोर उभं राहणाऱ्याला देवाचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. धाकट्याला हे पहिल्याच पाटीवर कळलं होतं. "आमचे बंधुराज देवाच्या पुढ्यात थोडेच बसणार? ते थेट गाभाऱ्यात घुसून देवाच्या जागी उभे," असं पुटपुटत तो चित्र मनात उलटं करायचा आणि बरोबर आयुध बरोबर हातात बसवायचा. मी तुझी पाटी उलटी वाचतो, हे त्यानं कधी कळवलं नाही. का कळवावं? आणि आपली पाटी उलटी वाचावी लागते, हे थोरल्याला कधी सुचलं नाही. अशा रीतीनं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग गाण्याच्या बाई आल्या.

वहिनीला लहानपणी गाणं यांनीच शिकवलं होतं. आता बाई खूप थकल्या होत्या आणि डोळे पूर्ण गेले होते. घर आवरून त्या मुलाकडे, लांबच्या शहरात, कायमच्या निघाल्या होत्या. त्यांच्या घरचा केशव कित्येक वर्षांपूर्वी घराला लागलेल्या आगीत वितळला होता. जाताना तसाच केशव सोबत हवा, एवढं एकच त्यांचं मागणं.

"मला चेहरा कसाही चालेल," बाई म्हणाल्या. हे ऐकून आतल्या थोरल्याचा चेहरा उतरला. "मला तो हातांनी ओळखता आला पाहिजे. खालच्या उजव्या हातात कमळ, त्याच्यावरच्यात शंख. पलीकडे वर चक्र, खाली गदा. आई माझा हात धरून याच क्रमानं फिरवायची. म्हणायची, कमळ आधी, कारण लहान मुलाला आधी मऊ काहीतरी सापडावं. मग शंख, म्हणजे आता नीट ऐक. मग चक्र, म्हणजे वेळ जातोय, आटप. आणि गदा सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?" वहिनीनं विचारलं.

"तिथपर्यंत हात पोचेस्तोवर राग निवतो म्हणून. माझ्या आईचा निवायचा नाही, ते सोड. तू गातेस ना अजून?"

बाईंनी तिच्या मनगटावर थोपटलं. "गुरुवारी दुपारी गाडी घेऊन येते. इथूनच पुढे जायचंय. मग काही मी परत यायची नाही."

वहिनीनं शब्द दिला. तो फक्त तिचा स्वतःचा होता, कुणाकडून कुणाकडे नेण्याचा नव्हता. त्यामुळे तिला त्याचं फार अप्रूप वाटलं. घरात येऊन तिनं नवऱ्याला बजावलं, "अहो, या वेळी पाटी नीट काढा. बाई हात लावून बघणार आहेत. भाऊजींचा गोंधळ व्हायला नको."

"त्याचा गोंधळ जन्मजात आहे," थोरला म्हणाला. पण बायकोचा आवाज वेगळा लागला होता, ते त्याला जाणवलं. त्या दिवशी तो पाटीपुढे बराच वेळ बसला. भाऊ समोरून पाहत असणार, हे त्याच्या प्रथमच मनात आलं. त्यानं खडूची रेघ पुसली आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या सोयीसाठी देव समोरून काढला. अर्थात तसं तो कुणाला सांगणार नव्हता. इतका चांगुलपणा उघड करायची त्याला लाज वाटली.

धाकट्यानं पाटी घेतली, नेहमीसारखं पुटपुटला आणि नेहमीसारखी उलटी वाचली.

गुरुवारी सकाळी वहिनी मूर्ती घासायला बसली. कमरेएवढा, आतून पोकळ देव, खांदे जोडलेले, हात अजून फडक्यांत. तिनं खालच्या उजव्या हाताचं फडकं सोडलं. आत गदा होती.

तिला वाटलं, आपणच चुकीच्या बाजूला बसलोय. ती उठून देवाच्या पाठीमागे गेली, त्याच्यासारखं तोंड करून उभी राहिली, स्वतःचा उजवा हात वर केला, खाली केला. गदा उजवीकडेच होती. मग तिनं बाकीची फडकी ओरबाडून काढली. वरच्या उजव्या हातात चक्र, वरच्या डाव्यात शंख, खालच्या डाव्यात कमळ. हा केशव नव्हता. हा माधव होता. सुरेख, रुबाबदार, ठाम चुकलेला माधव. ओठांवर बारीकसं हसूही होतं, आणि ते हसू आपण घातलं नव्हतं असं थोरला पुढे कायम सांगायचा.

वहिनी नवऱ्याकडे गेली.

"बघितलंत? गदा उजवीकडे आलीय."

थोरल्यानं पाहिलं. आधी त्याला मनापासून आनंद झाला. "त्याला म्हणावं, एवढ्या वर्षांत एकदा पाटी सरळ काढून दिली, ती तरी नीट वाचायची."

वहिनी धाकट्याकडे गेली. "ते म्हणतात, पाटी सरळ काढली होती."

धाकट्याच्या हातातली कानस थांबली. "सरळ? सरळ का काढली? त्यांना म्हणावं, इतकी वर्षं उलटी काढता आणि मी उलटी वाचतो, म्हणून देव सुलटे होतात. सरळ काढायची तर कळवायचं नाही का?"

वहिनी नवऱ्याकडे. "भाऊजी म्हणतात, तुम्ही नेहमी उलटी काढता."

"मी? उलटी?" थोरला खुर्चीतून अर्धा उठला. "त्याला विचार, मग आजवर बोलला का नाही?"

वहिनी दिराकडे. "ते विचारतात, आजवर बोलला का नाहीत?"

"त्यांना म्हणावं, आपण बोलत नाही ना, म्हणून."

वहिनी मधल्या वाटेवर थांबली. डोक्यातून भट्टीचा धूर निघतोय असं तिला वाटलं. एकानं कधी नव्हे ते दुसऱ्याचा विचार केला आणि त्यानंच सगळं बिघडलं. एवढी वर्षं एकाची चूक दुसरा पोटात घालून दोघे बिनचूक देव करत होते आणि त्यातलं एक अक्षरही तिच्या पायांना कळलं नव्हतं.

"वहिनी," धाकटा दारातून म्हणाला, "एक सुचवू का? केशव काय, माधव काय, देव तोच. बाईंना सांगा, हा जरा पुढच्या पायरीचा आहे."

"भाऊजी, बाई चेहरा बघणार नाहीत. पहिला हात कमळावर जाणार. तिथं गदा लागली की काय सांगू? मऊ नाही मिळालं, आता थेट मार खा?"

आतून थोरल्याचा आवाज आला. "त्याला म्हणावं, आयुधं काढून परत बसव."

"त्यांना म्हणावं, डाख तापवल्याशिवाय निघत नाही. हात त्यांनी जोडलेत. आच जरा जास्त लागली तर खांदा निखळेल. तो सांभाळायचा त्यांनी. आयुध उपसायचं मी. एकाचं काम नाही."

"त्याला म्हणावं, मग ये इकडे."

"त्यांना म्हणावं, मी त्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही."

"त्याला म्हणावं, मग मीही तिकडे येत नाही."

दोघांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी कुणाकडेच गेली नाही. ती गोदामातून हातगाडी घेऊन आली, तिच्यावर पोती टाकली, माधवाला कमरेत धरून त्यावर चढवलं आणि ढकलत आवाराच्या बरोबर मधोमध, तिच्याच खोलगट वाटेवर आणून उभं केलं. चिमण्या उडाल्या. मग तिनं घराच्या पायरीवर बसकण मारली.

"अगं, काय करतेस?" थोरला म्हणाला.

"माझं तोंड संपलं," वहिनी म्हणाली. "पायही संपले. हा देव कुणाच्याच शेडमध्ये नाही. बाई दुपारी येतील. तोवर तो केशव झाला तर झाला. नाही झाला, तर मी बाईंच्या गाडीत बसून त्यांच्याबरोबर जाईन आणि हा माधव तुमच्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवा. तो सरकवील मीठ. चार हात आहेत त्याला."

ती गंमत करतेय का, हे ओळखायला थोरल्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. ती गंमत करत नव्हती.

बऱ्याच वेळानं एका दारातून थोरला डाख तापवायची गॅसची बत्ती घेऊन आला, दुसऱ्यातून धाकटा सांडशी घेऊन. मधोमध येऊन दोघांनी देवाकडे पाहिलं, म्हणजे एकमेकांकडे पाहायला नको. थोरल्यानं खांद्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि गदेच्या मुठीवर ज्योत धरली. धाकट्यानं सांडशीनं गदा पकडली.

"अगं, त्याला सांग, मी 'आता' म्हटलं की ओढ म्हणून."

वहिनीनं तोंड उघडलं. दोघांचे कान टवकारले. तिनं एक लांब सूर लावला, सगळ्यात खालचा. आवाज चरचरीत होता, गंज धरलेल्या बिजागरीसारखा, पण तो तिचा होता. मग ती दुसऱ्या सुराकडे सरकली.

"ती गातेय," थोरला हवेला म्हणाला.

मुठीतून डाखाचा चकचकीत थेंब बाहेर आला. दुसरा आला. खांद्याच्या फडक्यातून वाफ निघू लागली. आणखी दोन क्षण आणि अख्खा हात खाली आला असता. निरोप जायला वेळ नव्हता आणि न्यायला माणूस नव्हतं.

"ओढ ना, गाढवा," थोरला म्हणाला.

इतक्या वर्षांत भावाला उद्देशून निघालेला हा पहिला शब्द. धाकट्याला तो इतका अचानक लागला, की त्यानं सगळ्या अंगानं ओढलं. गदा सुटली, सांडशीतूनही सुटली आणि फरशीवर आपटली. फरशी तर तडकलीच, पण बेकरीवाला आजही सांगतो, की त्या दणक्यानं त्याच्या भट्टीतले पाव फुगता फुगता थांबले.

"अरे, हळू म्हणायला काय जातं?" धाकटा म्हणाला.

"हळू म्हटलं असतं तर खांदा गेला असता, बैला."

"खांदा गेला असता तर तुझ्या डाखामुळे. इतका पातळ डाख कोण देतं?"

"पातळ? आणि हे तुझं गाजर कुणी घडवलं? गदा म्हणे."

"गाजर काय? बाबांनी शिकवलेला आकार आहे तो."

"बाबांनी मला वेगळा शिकवला होता."

"तुला बाबांनी काहीही शिकवलं नव्हतं. तू त्यांचं ऐकायचास कुठे?"

वहिनी तिसऱ्या सुरावर होती. तिनं डोळे मिटून घेतले. भावांनी कमळ काढलं आणि कमळाच्या पाकळ्यांवरून भांडले. शंखाचं तोंड वर हवं की खाली, यावर शंख गार होईपर्यंत भांडले आणि तो पुन्हा तापवला. चक्राचे आरे मोजताना दोघांचे आकडे वेगळे आले, म्हणून दोनदा मोजले. पण बत्ती आणि सांडशी कुठेही चुकली नाही. "धर." "धरलंय." "जरा इकडे." "इकडे म्हणजे कुणाच्या इकडे?" इथं दोघेही एकदम थांबले. थोरला देवाच्या पाठीमागून निघाला, वळसा घालून समोर आला आणि भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. "हं. आता कुठल्या बाजूला म्हणतोस ते बोटानं दाखव." धाकट्यानं दाखवलं.

बाई आल्या तेव्हा दोघांच्या तोंडावर काजळी होती आणि केशवाच्या हातात कमळ होतं. वहिनीनं बाईंना हाताला धरून आत आणलं. बाईंची बोटं हवेत जरा चाचपडली आणि खालच्या उजव्या हातावर टेकली. कमळ. बोटं तिथंच राहिली. बाईंचा हात वर शंखावर गेला, पलीकडे चक्राकडे, तिथून खाली.

"गदा गरम आहे," बाई म्हणाल्या.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझ्या आईचीही असायची." त्यांनी गदेवर अख्खा तळवा ठेवला, जणू थंडीत शेकतायत. मग वहिनीकडे तोंड वळवलं. "मघाशी बाहेर गाडीत बसल्या बसल्या कुणीतरी गाताना ऐकलं. सूर फार गंजलाय. रोज सकाळी खालचा सूर लाव, तासभर. आणि तो लावताना बोलायचं नाही कुणाशी."

"नाही बोलणार, बाई."

केशव गाडीत चढला. दोघे भाऊ त्याला पोत्यांत गुंडाळताना तो आडवा ठेवावा की उभा, यावरून एकमेकांचे वाडवडील काढत होते. वाडवडील एकच होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आता त्या आवारात शांतता म्हणून नाही. भाऊ सकाळी उठल्यापासून बोलतात. साठलेलं सगळं बोलतात. हळू बोलायची दोघांनाही सवय नाही, त्यामुळे रस्त्यावरचे लोक चार घरं अलीकडेच पलीकडच्या फुटपाथवर जातात. वहिनी खालच्या सुरावर असते आणि दर सुराला दोन्हीकडून शेड कोसळल्यासारखा आवाज येतो.

"अगं, ऐकलंस का हा काय म्हणाला?" थोरला मधेच हाक मारतो.

"ऐकलं," सूर न सोडता ती मान हलवते.

"मग सांग त्याला काहीतरी."

वहिनी धाकट्याकडे बोट दाखवते. तो थोरल्याच्या शेजारीच, त्याच खुर्चीच्या हातावर बसलेला असतो.

पाटी तिनं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलीय. पिंपातलं पाणी घेताना थोरला ती एका बाजूनं उचलतो, धाकटा दुसऱ्या बाजूनं, आणि कुठली बाजू बरोबर यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.